अकरा नंबरचं अपील

पहाटे 5:30

सुनावणीच्या दिवशी मी पेपरबुक पहिल्या पानापासून वाचत नाही. निकालपत्र तर अगदी शेवटी. आधी उलटतपासण्या. सरतपासणीत साक्षीदार पोलिसांना दिलेला जबाबच पुन्हा सांगतो. उलटतपासणीत मात्र एखादं वाक्य निसटतं, आणि पुष्कळदा ते सेशन्स कोर्टाच्या निकालात कुठेच उतरलेलं नसतं. अशी वाक्यं हुडकणं हे अपिलातलं निम्मं काम.

आजचं अपील एका बाईचं आहे. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव, नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, 2017 च्या ऑक्टोबरातली रात्र, नवऱ्याच्या डोक्यात वरवंट्याचे तीन घाव. 2019 मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम 302 खाली जन्मठेप. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, कागद काय बोलतात ते मात्र बदललेलं नाही. माझी नेमणूक विधी सेवा समितीने केली आहे. म्हणजे फी समिती देते, आणि आशील निवडणं माझ्या हातात नसतं.

दोषारोपपत्रात हेतूच्या रकान्यात लिहिलंय, की मयत दारू पिऊन आरोपीस वारंवार मारहाण करीत असे, तो राग मनात धरून आरोपीने खून केला. पुरावा म्हणून पोलिसांनी त्यांच्याच ठाण्यातल्या दोन एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंदी, जोडल्या आहेत. एक 2015 ची, एक 2017 ची. दोन्हींत फिर्यादी ही बाई आणि गैरअर्जदार नवरा. कलमं 323, 504, 506. अदखलपात्र गुन्हा, त्यामुळे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. नोंद घ्यायची, समज द्यायची, घरी पाठवायचं. कोणीही नियमाबाहेर वागलं नाही. ज्या कागदांनी तिला वाचवायचं होतं ते पुढे तिच्याविरुद्ध हेतूचा पुरावा झाले. आज मला तेच कागद कोर्टापुढे ठेवायचे आहेत, फक्त हेतू म्हणून नव्हे, तर प्रक्षोभ म्हणून.

सकाळी 7:15

आशिलाच्या बहिणीचा फोन. ती जतहून पहाटेच्या एसटीने निघालीय.

“मॅडम, आज हुतंय का न्हाई? मागल्या खेपंला निस्ती तारीख पडली.”

“अक्का, बोर्डावर अकरा नंबरला आहे. दुपारच्या आत पुकारा होईल असं वाटतंय. पोरगी येतीय का?”

“न्हाई. तिची बारावी हाय. तिला सांगितलंबी न्हाई म्या.”

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात तिसरं कोणी असेल तर तीच. सरकार पक्षाने तिला साक्षीदार क्रमांक चार केलं. नंतर मावशीनेच तिला वाढवलं.

कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं ते 18 ऑगस्ट 2025 ला. त्याआधी हे अपील मुंबईत होतं आणि ही अक्का एका तारखेसाठी रात्रभर प्रवास करून फोर्टात पोचायची. साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी या बेंचसाठी चार दशकं आंदोलनं केली. त्यात आमच्या धंद्याचा स्वार्थ होता हे कबूल. पण अक्काचं एसटीचं तिकीट धरलं तर तो स्वार्थ मला फारसा टोचत नाही.

सकाळी 9:40

भाऊसिंगजी रोडवर सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी कोर्टाची इमारत. बार रूममध्ये जागा धरली. ज्युनियर निवाड्यांच्या प्रती लावत बसलाय: एक संच आपला, एक सरकारी वकिलांचा, दोन न्यायमूर्तींसाठी. त्याने सर्वांत वर अहलुवालिया ठेवलंय. मी ते काढून खाली सरकवलं.

तो हिरमुसला. त्याला इंग्लंडचा तो खटला फार आवडतो, आणि आवडण्यासारखाच आहे. किरणजीत अहलुवालिया, पंजाबातली, लग्न होऊन इंग्लंडला गेलेली. दहा वर्षं मारहाण सोसल्यावर 1989 च्या मे महिन्यात तिने झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावर पेट्रोल टाकून पेटवलं. डिसेंबरात खुनाबद्दल जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने तिच्यासाठी रान उठवलं, 1992 मध्ये अपील कोर्टाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा हुकूम दिला, आणि त्या फेरखटल्यात ती सुटली. म्हणजे सदोष मनुष्यवध कबूल होऊन शिक्षा तेवढीच झाली, जेवढी ती भोगून बसली होती.

पण ती कशावर जिंकली ते ज्युनियर विसरतो. प्रक्षोभाचा मुद्दा अपील कोर्टाने मान्य केला नव्हता. ‘अचानक आणि तात्पुरता तोल जाणं’ ही जुनी कसोटी त्यांनी कायम ठेवली. मध्ये वेळ गेला एवढ्याने बचाव आपोआप संपत नाही, इतकंच पुढे जाऊन म्हटलं. अपील मंजूर झालं ते मानसिक अवस्थेमुळे घटलेल्या जबाबदारीच्या मुद्द्यावर. तसा बचाव आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडे एक तर कलम 84 खालचं वेडेपण, नाही तर पूर्ण शहाणपण. इंग्लंडने पुढे प्रक्षोभाचा कायदाच बदलला आणि 2010 पासून तोल ‘अचानक’ जायला हवा ही अट काढली. आपण 2024 च्या जुलैत दंड संहितेऐवजी न्याय संहिता आणली, पण ‘गंभीर आणि अचानक’ हे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. सरकारी वकील हुशार आहेत. मी अहलुवालिया उघडलं की ते हेच सांगायला उभे राहतील.

म्हणून वर नानावटी. ज्या खटल्यात आरोपी हरला तोच निवाडा वर ठेवतेय, हे पाहून ज्युनियरच्या भुवया वर गेल्या.

सकाळी 10:30

कोर्ट बसलं. पहिला अर्धा तास तातडीच्या अर्जांचा. तारखा, मुदती, पॅरोलचा एक अर्ज. यात सांगण्यासारखं काही नाही.

मागच्या बाकावर अक्का आलीय, पदर डोक्यावर. दुसऱ्या टोकाला दीर बसलाय, म्हणजे मूळ फिर्यादी, मयताचा धाकटा भाऊ. तोही प्रत्येक तारखेला येतो. त्याला कोणी बोलावत नाही. अपिलात फिर्यादीने हजर राहायची गरज नसते. पण भाऊ गेलाय त्याचा.

दुपारी 12:10

पुकारा झाला.

खुनाचं अपील दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतं. इथे साक्षीदार नसतो, पिंजरा नसतो, आरोपीही नसतो. ती येरवड्याच्या महिला कारागृहात आहे आणि आज आपलं मॅटर चाललंय एवढंच तिला कळवलेलं आहे. जे आहे ते सारं पेपरबुकात. त्याबाहेरचं काही बोलायला गेलं की ज्येष्ठ न्यायमूर्ती चष्म्यावरून बघतात.

मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की घाव तिने घातले हे मी नाकारत नाही. वरवंट्यावरचं रक्त, कपडे, बंद घर, यांवर भांडून मी कोर्टाचा वेळ घेणार नाही. गुन्हा 302 चा, म्हणजे खून, की 304 चा, म्हणजे सदोष मनुष्यवध, एवढाच प्रश्न.

“पण कलम 313 च्या जबाबात आरोपी म्हणते, मला काही माहीत नाही, मला खोटं गुंतवलंय.” कनिष्ठ न्यायमूर्तींनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “प्रक्षोभ झाला असं तिने कुठेच सांगितलेलं नाही.”

खालच्या कोर्टात हे नेहमी होतं. सरसकट नकार हा सर्वांत सोपा बचाव, आणि पुरावा कच्चा असेल तर तो उत्तमही ठरतो. पण पुरावा पक्का असताना तोच बचाव घेतला, की आरोपीच्या तोंडून यायची खरी हकीगत कायमची बाहेर राहते. मी मुन्शीराम निवाडा दिला, सर्वोच्च न्यायालय, 1968: बचाव आरोपीने घेतला नसला तरी तो रेकॉर्डवरून दिसत असेल तर कोर्टाने बघायचा. प्रक्षोभाच्या अपवादात बसतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो निःसंशय सिद्ध करण्याइतका जड नसतो. शक्यतेचं पारडं झुकलं की पुरे. आणि माझं रेकॉर्ड सगळं सरकार पक्षाचंच आहे.

मग एकेक पान. निशाणी 31 आणि 32, दोन एनसी. बहिणीची साक्ष: दोनदा माहेरी आणली होती, दोन्ही वेळा गावातल्या चार लोकांनी समजूत काढून परत धाडली. घटनास्थळाचा पंचनामा: स्वयंपाकखोलीत उपडं ताट, सांडलेली भाकरी-आमटी, फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे. अटकेनंतर ग्रामीण रुग्णालयाने केलेली तिचीच वैद्यकीय तपासणी: दोन्ही हातांना कोपराखाली मुका मार, टाळूवर केस उपटल्याची खूण. खालच्या कोर्टाच्या 60 पानी निकालात या तपासणीचा उल्लेख एकदाच येतो, तोही कागदपत्रांच्या यादीत. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने करायला हवा, हे लक्ष्मी सिंग निवाड्याने 1976 मध्येच सांगितलंय. इथे त्या जखमांबद्दल तपास अधिकाऱ्याला कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

आणि मग पान 74. मुलीची उलटतपासणी. सरतपासणीत ती म्हणाली, मी झोपले होते, आवाजाने जाग आली, पप्पा खाटेवर पडले होते. उलटतपासणीत मात्र: “मी झोपायच्या आधी पप्पा आईचे केस धरून ओढत होते हे खरे आहे.”

ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पान दुमडलं. “या दोहोंत किती वेळ गेला?”

याच प्रश्नाला मी भीत होते. त्या दिवशी खालच्या कोर्टात पोरीला हे कोणी विचारलं नाही. दहा मिनिटं म्हणाली असती तर आज माझं अपील निम्मं जिंकलेलं असतं. दोन तास म्हणाली असती तर इथे उभं राहायलाच जागा उरली नसती.

मी म्हटलं, उत्तर साक्षीत नाही. शवविच्छेदनात थोडं आहे. जठरात अर्धवट पचलेलं अन्न. जेवण सुरू असताना किंवा लगेच नंतर भांडण झालं हे उपड्या ताटावरून दिसतं, आणि मृत्यू त्यानंतर फार उशिरा झालेला नाही.

“फार उशिरा म्हणजे? एक तास? एक तास पुष्कळ झाला, मॅडम.”

दुपारी 1:30

जेवणाची सुट्टी, नेमकी त्या ‘एक तासा’वर. याचं वाईट वाटून घेऊ नये. विचार करायला वेळ मिळतो.

बाहेर चहाच्या गाड्यावर अक्का उभी होती. तिने पिशवीतून भाकरी-पिठल्याचं फडकं काढून माझ्यापुढे केलं. नको म्हणायची सोय नव्हती.

“मॅडम, पोरगी आता मोठी हाय. तिला आठवतंय समदं. ती हितं येऊन सांगंल की.”

कायद्यात तशी वाट आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 391: अपिलातही जादा पुरावा घेता येतो. क्वचित वापरतात, पण आहे. मी यावर बराच विचार केलाय आणि अर्ज न करायचं ठरवलंय. आठ वर्षांनी, मावशीच्या घरात वाढलेल्या मुलीने आईच्या बाजूने काहीही सांगितलं तरी सरकारी वकील पहिल्याच प्रश्नात ते शिकवलेलं ठरवतील. आणि ती खरं बोलली, ते खरं आपल्याला परवडणारं नसलं, तर? आईच्या शिक्षेचा उरलेला भार आपल्या एका उत्तरावर पडला हे घेऊन ती पोर पुढे जगेल. वकिलाने उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. इथे तो नियम मला निव्वळ डावपेच वाटत नाही.

अक्काला मी एवढंच म्हटलं, “तिला परीक्षा देऊ दे.”

तेवढ्यात दीर चहा घ्यायला तिथेच आला. दोघं क्षणभर अवघडली. मग त्यानेच विचारलं, “पोरगी कशी हाय?”

“बरी हाय. सायन्सला हाय.”

“फी-बी काय लागली तर सांगा,” तो म्हणाला आणि कप घेऊन पलीकडे गेला. आमच्या धंद्यात सरकार पक्ष आणि बचाव पक्ष अशी दोन टोकं असतात. खेड्यातल्या नात्यात ती तशी नसतात, आणि याची नोंद कोणत्याच निशाणीवर होत नाही.

दुपारी 2:30

मी नानावटीवर आले. त्या खटल्यातल्या नौदल अधिकाऱ्याला बायकोने विवाहबाह्य संबंधाची कबुली दिल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. तेवढ्यात त्याने बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, राग निवायला पुरेसा वेळ होता, हा खूनच. पण त्याच निवाड्यात कसोट्या सांगताना त्यांनी एक वाक्य असंही घातलंय, की प्रक्षोभ गंभीर आणि अचानक होता का हे ठरवताना मयताच्या आधीच्या कृत्यांनी तयार झालेली मानसिक पार्श्वभूमी विचारात घेता येते. मला हवं आहे ते हे. एक तास कोऱ्या पाटीवरचा नाही. त्याच्या मागे दोन एनसी आहेत, दोन वेळा माघारी पाठवणं आहे. नानावटी तीन तास घराबाहेर होता. ही बाई त्या तासात गेली तर कुठे गेली? पलीकडच्या खोलीत. पोरगी तिथेच झोपलेली.

पाठोपाठ मद्रास उच्च न्यायालयाचा 1989 चा सुयंबुक्कनी निवाडा. प्रक्षोभ एका क्षणाचाच असावा असं नाही, तो साचत गेलेलाही असू शकतो, असं न्यायमूर्तींनी तिथे मान्य केलं. ती बाई नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुलांसह विहिरीत गेली होती. ती वाचली, मुलं गेली. तथ्यं वेगळी आहेत हे मी स्वतःच सांगितलं. आपण सांगितलं नाही तर समोरचा सांगतो आणि मग ते जड पडतं. तथ्यं जवळची आहेत ती गुवाहाटीच्या 2013 च्या मंजू लाक्रा निवाड्यात: सततची मारहाण, आणि त्या रात्रीच्या मारहाणीतच नवऱ्यावर पडलेला घाव. खुनाची शिक्षा तिथे सदोष मनुष्यवधावर आली.

सरकारी वकील उठले. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त अवघड. मारहाण होत होती हे सरकारला मान्यच आहे, म्हणाले, ते तर आमचंच म्हणणं. पण तीन घाव, तिन्ही डोक्यावर, माणूस खाटेवर आडवा, भिंतीवरचे रक्ताचे शिंतोडे खाटेच्या उंचीचे. भांडण स्वयंपाकघरात झालं, मृत्यू खाटेवर. मधल्या वेळात वरवंटा उचलून ती इकडे चालत आली. याला अचानक म्हणायचं तर पूर्वतयारी कशाला म्हणायचं? आणि छळ सोसलेल्या प्रत्येक बाईला हा अपवाद द्यायचा का? संसदेने 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा दिलाय, संरक्षण अधिकारी दिलेत.

दोन्ही न्यायमूर्ती माझ्याकडे वळले.

संरक्षण अधिकाऱ्याबद्दल मला बोलायचं नव्हतं. रेकॉर्डवर काही नाही. एवढंच म्हटलं, की दोन वेळा ती ठाण्यात गेली तेव्हा कोणी तिला त्या कायद्याचा कागद दिल्याचं सरकारने दाखवलेलं नाही. आणि घाव? तीन घाव म्हणजे थंड डोकं असं शवविच्छेदन सांगत नाही. घावांचा क्रम आणि मधलं अंतर डॉक्टरांना कोणी विचारलेलं नाही. जे विचारलं नाही त्याचा फायदा सरकारला कसा?

कनिष्ठ न्यायमूर्तींनी काहीतरी टिपून घेतलं. वकिलांना ते काय टिपतात हे वाचण्याची फार हाव असते. मी नजर पेपरबुकात ठेवली.

दुपारी 4:05

निकाल राखून ठेवला.

“304 भाग एक झालाच, तर शिक्षा किती भोगून झालीय?” ज्येष्ठ न्यायमूर्तींनी जाता जाता विचारलं. अशा प्रश्नावरून अनुमान काढायचं नसतं. भाग एकमध्ये जन्मठेपही देता येते आणि दहा वर्षांपर्यंतची कैदही. अटक 2017 ची, जामीन एकदा नामंजूर, म्हणजे आठ वर्षांवर गेली. तेवढी पुरे ठरवली तर ती सुटते. 302 कायम राहिलं तर निदान 14 वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारही तिला सोडू शकत नाही. शुक्रवारपर्यंत कारागृहाचा दाखला दाखल करा, असा हुकूम झाला.

अक्काला हे समजावून सांगायला वीस मिनिटं लागली. तिचा प्रश्न एकच होता: “म्हंजी सुटली का न्हाई?”

“अजून नाही, अक्का. लेखी निकाल येईल.”

संध्याकाळी 6:45

ऑफिसात पुढच्या आठवड्याची फाइल. हीही विधी सेवेचीच. इथे मेली आहे बायको, आणि अपील नवऱ्याचं. जळून मृत्यू, दोन मृत्युपूर्व जबाब: पहिल्यात स्टोव्हचा भडका, दुसऱ्यात नवऱ्याने रॉकेल ओतलं. दुपारी ज्या तोंडाने मी घराच्या चार भिंतींतल्या छळाबद्दल बोलले, त्याच तोंडाने मला मंगळवारी त्या दुसऱ्या जबाबावर शंका घ्यायची आहे.

हे तुम्हाला जमतं कसं, असं लग्नकार्यात लोक विचारतात. जमतं, कारण दोन्हीकडे वाचायची रीत एकच. शरद सारडा हा पुण्याचा खटला, सर्वोच्च न्यायालय, 1984: परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं तिथून आली, आणि नवरा सुटला. त्रिमुख मारोती किरकन, 2006: बायकोचा मृत्यू घरात झाला आणि नवरा घरात होता, तर काय झालं हे त्याने सांगितलं पाहिजे. नुसतं गप्प राहून चालणार नाही. दोन्ही निवाडे महाराष्ट्रातल्या घरांतले, आणि मला दोन्ही एकाच टिपणात लिहावे लागणार. जबाब घेताना डॉक्टरचं प्रमाणपत्र नव्हतं, एवढ्यावर तो फेकता येत नाही हे लक्ष्मण खटल्यात पाच न्यायमूर्तींनी 2002 मध्ये ठरवलंय. म्हणजे ती पळवाट बंद. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात मला दुसरा जबाबच खरा वाटतोय. पण पहिल्या जबाबाच्या वेळी खोलीत कोण कोण होतं हे अजून वाचायचंय. सासू असेल तर पहिला जबाब पडतो, आणि त्याबरोबर माझं अपीलही.

रात्री 8:50

येरवड्याला पाठवायचं पत्र: अटकेपासून आजपर्यंतचा कालावधी, कच्च्या कैदेचा आणि शिक्षेचा वेगळा, मिळालेली माफी वेगळी. माफीचा आकडा न्यायालय विचारत नाही, पण दाखल्यात असलेला बरा. ज्युनियरने मसुद्यात अटकेची तारीख एका दिवसाने पुढची घातली होती. पंचनाम्याची तारीख उचलली त्याने. ती बदलून घेतली, ई-मेल केला, आणि उद्या दहा वाजता कारागृहात फोन करायचं त्याच्याच डायरीत लिहून ठेवलं.